आप्पांची किडनी

तीर्थरूप आप्पा,

एवढं लिहिलं आणि नमस्कार लिहिताना हात थांबला. गेलेल्या माणसाला केलेला नमस्कार कुठे पोचतो, हे तुम्हीच सांगू शकला असता. समोर होतात तेव्हा मी वाकायचो, तुम्ही "हूं" म्हणायचात, आणि आपलं बोलणं बहुतेक तिथंच संपायचं. आजही तो "हूं" आला असं धरून पुढे लिहितो.

अक्षर वाकडं येतंय. कागद नीट टेबलावर ठेवून लिहितोय, तरी हात थरथरतो. गोळ्यांमुळे होतं ते, तुम्हाला माहीतच आहे.

लिहायचं कारण सांगतो. रविवारी तुमचं वर्षश्राद्ध आहे, आणि त्यानंतरच्या गुरुवारी मला गुजरातेत आपल्या त्याच दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना एक उत्तर द्यायचं आहे. प्रश्न तुमच्या किडनीचा आहे. तुम्ही दिलेली, माझ्या पोटात उजवीकडे खाली बसवलेली ती. तुम्ही गेलात, ती अजून काम करते आहे. पण आता ती थकायला लागली आहे, आणि मीही. ज्याची वस्तू त्याला विचारावं म्हणून हे पत्र.

आधी दुखणं सांगतो, मग उपाय.

माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे पहारेकरी. परका दिसला की हुसकावायचा, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांच्या लेखी तुमची किडनी परकीच. म्हणून सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून गोळ्या घ्यायच्या आणि त्यांना गुंगीत ठेवायचं. हे तुम्ही पाहिलंच आहे. त्या कॅप्सुलचा वास आला की तुम्ही उपरणं नाकाला लावायचात. पण तुम्हाला एक माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. जी गोळी तुमच्या किडनीला वाचवते, तीच तिला आतून हळूहळू सुकवते. नुकताच सुईने बारीक तुकडा काढून तपासला, त्यात दिसलं. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवलं तर आणखी काही वर्षं जातील, मग ती बंद पडेल.

आणि उपाय? तो ऐकून तुमची सून सुनंदा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. डॉक्टर म्हणतात, गोळ्या कमी करत करत बंद करून बघू.

थांबा. लगेच कपाळाला आठ्या घालू नका. तुम्ही ऐकून घेत नाही आणि मी नीट सांगत नाही, हे आपलं नेहमीचं. आज तुम्हाला मध्येच उठून देवळात जाता येणार नाही, तेवढा फायदा घेतो.

आपल्या ऑपरेशनच्या आधी त्यांनी तुमच्या कमरेच्या हाडातून काही काढून मला चढवलं होतं, आठवतं? तुम्ही पालथे पडून रामरक्षा म्हणत होतात. त्या तुमच्या पेशी होत्या. किडनीच्या आधी त्या पाठवायच्या, म्हणजे ओळख होते, असं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा त्यांनाही सगळं उमगलेलं नव्हतं, हे ते आता मोकळेपणाने सांगतात. आता कळलंय म्हणे की पांढऱ्या पेशींमध्ये थोड्या वेगळ्या स्वभावाच्या असतात. त्या लढत नाहीत. लढायला निघालेल्या बाकीच्यांचा हात धरतात. डॉक्टरांनी मला त्यांच्या हिंदीत सांगितलं, "गोविंदजी, ये सिपाही नहीं हैं. सिपाहियों को समझाने वाले हैं."

मला आपल्या गावचे पंचायतीतले म्हातारे आठवले. दोन घरांत लाठ्या निघाल्या की मध्ये येऊन बसायचे, आणि फक्त "जाने दो, अपना ही आदमी है" म्हणायचे. जोर काही नसायचा त्यांच्यात. तरी लाठी खाली यायची.

तर अशा पेशी माझ्या रक्तात बऱ्यापैकी आहेत आणि त्या तुमच्या किडनीला धरून आहेत, असं तपासणीत दिसतंय. म्हणून डॉक्टरांनी जे थोडे पेशंट निवडले, त्यात मी आहे. वर्षभर थोडी थोडी गोळी कमी करायची, पंधरवड्याला रक्त तपासायला द्यायचं, जरा वर-खाली झालं की पुन्हा सुरू. जमलं तर किडनी मोकळा श्वास घेईल. नाही जमलं तर पहारेकरी जागे होतील, आणि वर्षं सोडा, ती काही आठवड्यांत जाईल. मी खात्री मागितली. ते म्हणाले, खात्री कोणाला देता येत नाही, म्हणून तर विचारतोय.

आप्पा, माझी किडनी असती तर मी तिथंच हो म्हटलं असतं. खरंच. मी इतका कंटाळलो आहे सावध राहण्याला. उकळलेलं पाणी, कापलेलं फळ नको, लग्नात पंगत नको, गर्दी नको, कोणी शिंकलं की आपण उठायचं. हिरड्या सुजतात, गालांवर अस्वलासारखी लव येते. हात थरथरायला लागल्यापासून उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या टेलिफोन ऑफिसात मला तारांचं जोडकाम मिळत नाही, टेबलावर बसवलंय. आता तर तिथंही काम उरलं नाही. जे लोक फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, ते खिशात मोबाईल घालून घरचा फोन परत करायला येतात. मी त्यांच्या अर्जावर शिक्का मारतो, तोही वाकडा.

पण किडनी तुमची आहे. ती गेली तर तुम्ही दुसऱ्यांदा गेलात. इथंच गाडी अडते.

तुम्ही ती दिलीत कशी, हेच मला अजून उलगडत नाही. आपलं एका घरात दोन दिवस पटलं नाही. मी थोरला, पूजा माझ्याकडे यायची. पेशव्यांच्या वेळी आपल्या कोणा पूर्वजाला त्या देवळाची वहिवाट मिळाली, ती माझ्यापर्यंत येऊन तुटली. मी गावच्या शाळेतून निघालो तो टेलिफोन खात्यात गेलो. तुम्ही म्हणालात, "रामाला सोडून तारांची सेवा कर." मी म्हणालो, तारांतून निदान कोणीतरी बोलतं तरी. काय बोललो मी! तुम्ही आठ महिने पत्राला उत्तर दिलं नव्हतं. तरी सांगतो, नोकरीत एक दिवस असा गेला नाही की सकाळी रामाचं नाव घेतल्याशिवाय मी मशीनला हात लावला. तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही विचारलं नाही.

मग माझ्या किडन्या गेल्या. सुनंदाचा रक्तगट जुळला नाही. धाकटा वसंता तयार होता. तुम्ही त्याला एका वाक्यात बसवलंत, "देवाजवळ एक धडका माणूस लागतो." आणि स्वतः धोतर सावरून गाडीत बसलात. डॉक्टर म्हणाले, वय जास्त आहे. तुम्ही म्हणालात, विहिरीचं पाणी अजून मीच ओढतो, तुमच्यातला कोणी ओढून दाखवा. वसंता सांगतो, त्यावर ते मुकाट्याने तपासायला लागले.

ऑपरेशनच्या दिवशीचं जानव्याचंही त्यानेच सांगितलं. मी तेव्हा शेजारच्या खोलीत होतो. सिस्टर जानवं कापायला आली. तुम्ही कापू देईनात, ती ऐकेना. शेवटी तुम्ही लघवीला जाताना करतात तसं जानवं उचलून उजव्या कानाला गुंडाळलंत आणि तिला म्हणालात, "बेटी, किडनी का ही काम है ना? तो शास्त्र में यहीं रखते हैं." तिला काही कळलं नाही. भूल देणारे डॉक्टर मात्र आपल्यातलेच कोणी निघाले. ते इतके हसले की त्यांनी स्वतः चिकटपट्टी लावून जानवं कानाला बसवून दिलं. एवढा विनोद तुमच्यात होता तर घरात कुठे ठेवायचात तो?

मी बरा होऊन घरी आलो तेव्हा माझं ताट वेगळं, पेला वेगळा, पाणी उकळलेलं, भेटायला येणाऱ्याने लांब उभं राहायचं. तुम्ही एक हात कुशीवर धरून उंबऱ्याबाहेर उभे होतात. बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "आता कळलं सोवळं काय असतं ते?" मला हसताना टाके दुखले. तुम्हालाही दुखले असणार, कारण तुम्ही लगेच पाठ फिरवलीत.

मला वाटलं, आता आपलं जमलं. आणि मग ती रामनवमी आली.

ती आठवण सांगायची टाळत आलोय. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदाच गावी देवळात आलो होतो. तोंडाला फडकं बांधून, खांबाजवळ, लोकांपासून जरा दूर. जन्म झाला, पाळणा झाला, तुम्ही तीर्थाची पंचपात्री घेऊन निघालात. एकेकाच्या ओंजळीत पळीभर घालत आलात. मी हात पुढे केला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, पळी तशीच धरलीत आणि माझ्या पलीकडच्या माणसाच्या हातावर तीर्थ घातलंत.

गाव बघत होतं, आप्पा. माझा हात तसाच राहिला. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, बाप-बेटे की अभी तक चल रही है. सुनंदाचे डोळे भरून आले. स्वतःच्या पोटातलं काढून दिलं त्या मुलाला देवाचं पळीभर पाणी नाही? आम्ही जेवायला न थांबता बस पकडली.

नंतर महिनोन्‌महिने मी गावी फिरकलो नाही. पावसाळा संपता संपता वसंता बियाणं न्यायला उज्जैनला आला. जेवताना सहज म्हणाला, दादा, आप्पांचं काहीतरी बिनसलंय, देवाच्या स्नानाचं पाणी रोज चुलीवर उकळतात. पहाटे उकळतात, गाळतात, निवलं की मग सोवळ्यात नेतात. गावात कुरकुर चालू आहे. पाटील तोंडावर म्हणाला, पंडितजी, अब भगवान भी उबला पानी पिएँगे क्या? त्यावर तुमचं उत्तर, उमर हो गई उनकी भी, पेट नाजूक हो गया होगा.

वसंताला कळलंच नव्हतं. मला लगेच कळलं. डॉक्टरांनी निघताना तुम्हाला बजावलं होतं, विहिरीचं कच्चं पाणी याच्या पोटात थेंबभर जाता कामा नये. तुम्ही ते जसंच्या तसं पाळलंत. आणि मग देवाला डॉक्टरांच्या नियमात बसवलंत, म्हणजे मला तीर्थ घेता येईल.

त्या दिवाळीला मी आलो. तुम्ही पळी माझ्या हातावर कलती केलीत. "कोमट आहे. घे," म्हणालात आणि पुढच्या माणसाकडे वळलात.

एक वाक्य, आप्पा. रामनवमीला एक वाक्य बोलला असतात तर? "तुला नको, पाणी कच्चं आहे," एवढंच. तुम्हाला जड होतं का ते? की मी समजून घेईन असं तुम्ही गृहीत धरलं होतं? हा राग नाही, म्हणजे आता नाही. पण तुम्ही काहीच सांगत नव्हता, त्यामुळे आज तुमच्या मनात काय असेल हे ओळखायला माझ्याजवळ काही नाही. डॉक्टर माझ्या रक्तातून शोधून सांगतात, कोणाला कोण पटलंय. तुमचं तसं कोण सांगणार?

गेल्या वर्षी, सिंहस्थ झाला त्याच वर्षी, तुम्ही गेलात. कार्तिकात थंडी लागल्याचं निमित्त झालं, छाती भरली आणि आम्ही गाडी करून उज्जैनला आणेपर्यंत उशीर झाला. देवळाच्या पायरीवर बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, एक किडनी दे दी थी ना, तभी से शरीर गिर गया. वसंताने त्याला तिथून उठवलं. डॉक्टरांनीही नंतर तुमचे सगळे कागद बघून सांगितलं, तुमची राहिलेली किडनी शेवटपर्यंत ठणठणीत होती, दोष छातीतल्या तापाचा. मी मान डोलावली. पण ऐकलेलं एकदा ऐकलं की ऐकलं.

तुमचे दिवस मी क्षिप्रेच्या घाटावर, सिद्धवटावर केले. थोरला ना मी. वस्तरा लागू नये म्हणून न्हाव्याने कात्रीनेच केस उतरवले. क्षिप्रेत उतरायचं नाही, म्हणून घरून उकळून आणलेल्या पाण्याचा कॅन पायरीवर ठेवून अंघोळ केली. लोक थांबून बघत होते. नदीच्या काठी येऊन कॅनमधल्या पाण्याने अंघोळ करणारा मुलगा! तुम्ही असतात तर नक्की काहीतरी बोलला असतात.

पिंड ठेवायची वेळ आली आणि मी थांबलो. गुरुजींना विचारलं, ज्याचा एक भाग अजून जिवंत आहे, रक्त गाळतो आहे, त्याला पूर्ण निरोप कसा द्यायचा? गुरुजींनी दर्भ बाजूला ठेवला. म्हणाले, चाळीस वर्षं करतोय, ऐसा केस पहिल्यांदाच आला. थोडा विचार करून म्हणाले, संकल्पात असं काही घालता येत नाही, तुम्ही हात जोडा आणि मनात जे असेल ते म्हणा. माझ्या मनात काय होतं माहीत आहे? मी म्हणालो, आप्पा, सगळे जाऊ नका. मी सांभाळतो.

आणि वर्षभर मी तेच करतोय. सांभाळतोय. पूर्वी गोळी दहा मिनिटं पुढे-मागे झाली तर चालून जायचं. तुम्ही गेल्यापासून माझा जीव घाबरा होतो. पोटावर हात ठेवून झोपतो. वसंता आला की मी त्याला म्हणतो, आप्पांची किडनी ठीक आहे, जणू तुमची खुशाली कळवतो. त्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. एकदा तर त्याने जाताना माझ्या पोटाकडे बघून हात जोडले, आणि मग दोघंही ओशाळलो.

सुनंदाचं आधी स्पष्ट होतं, चाललंय ते चालू द्या. गोळ्यांच्या वेळा तीच सांभाळते. डॉक्टरांचं म्हणणं ऐकून आली तेव्हापासून ती गप्प होती. काल दुपारी ती मेथी निवडत बसली होती, मी समोर येऊन बसलो. म्हणालो, कसं हो म्हणू? आप्पांची किडनी पणाला लावायची?

तिने वर न बघताच विचारलं, "पाहुणी आहे का ती?"

मला कळलं नाही.

"इतकी वर्षं झाली, तुम्ही आप्पांची किडनी, आप्पांची किडनी करता. तुमची कधी होणार?"

मी म्हणालो, त्यांनीच दिली ना, मग काय म्हणू?

"तुमची म्हणा. तिकडे डॉक्टर म्हणतात अंगाला पटलंय, आपलीच आहे म्हणून. तुम्हालाच पटेना."

मी उठायला लागलो. तुमच्याकडून आलेली सवय. तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "बसा. मी नको म्हणते ती तुमच्या भीतीने. तुम्हाला काही झालं तर, म्हणून. तुम्ही नको म्हणता ते आप्पांच्या भीतीने. आप्पा गेले, अहो. माझी भीती धरून ठरवा, नाहीतर स्वतःच्या मनाने ठरवा. पण गेलेल्या माणसाची भीती धरून नको."

मग तिने डोळे पुसले. मेथीच्या हातांनी पुसले म्हणून पुन्हा धुवायला गेली. परत येऊन एवढंच म्हणाली, "मला विचाराल तर अजूनही नकोच वाटतं. पण तुम्ही हो म्हणालात तर रक्त द्यायला दर वेळी मी बरोबर येईन."

मी तिथंच बसून राहिलो. अशी बोलली ती पहिल्यांदाच. तुमच्यासमोर तर ती पदर सावरून दाराआडच असायची.

आप्पा, आता आठवून बघतो तर सगळ्या आयुष्यात मी दोनच तऱ्हेने ठरवत आलो. आधी तुमच्या विरुद्ध. पूजा नको ठरवलं, नोकरी ठरवली, शहर ठरवलं, त्या प्रत्येकात अर्धा तुमचा राग होता. मग ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून सगळं तुमच्यासाठी. जपून चालणं, जपून खाणं, तेही तुमच्याच नावाने. मला काय पाहिजे, हे मी कधी नीट विचारलंच नाही.

काल विचारलं. मला जोडकाम करायचं आहे. तारा राहिल्या नसतील तर दुसरं काही, पण हाताने करायचं, हात न थरथरता. मला पंगतीत बसायचं आहे. सुनंदाला गोळीच्या घड्याळाशिवाय एक संध्याकाळ मिळावी असं वाटतं. आणि हे सगळं न मिळता किडनी गेलीच, तर पुन्हा डायलिसिसच्या मशीनवर बसायचं. ते मला ठाऊक आहे, त्याची आता तितकी भीती वाटत नाही. भीती एवढीच होती की तुमची वस्तू माझ्या हातून फुटली असं होईल.

पण ती तुमची असती तर माझ्या अंगाने तिला इतकी वर्षं टिकू दिलं असतं का? गोळ्या सगळ्यांनाच असतात, तरी कितीतरी जणांच्या जातात. माझ्या अंगात कोणीतरी रोज उठून बाकीच्यांना सांगत आलं असणार, की हिला हात लावू नका, ही आपली. त्यांना पटायला डॉक्टरांनी मदत केली, तुमच्या त्या कमरेतल्या पेशींनी केली असेल. मला कोणी शिकवलं नाही. किंवा तुम्ही शिकवत होतात आणि मी तुमचं ऐकण्यात नेहमीसारखा मागे पडलो.

तर ठरलं. गुरुवारी मी हो म्हणणार आहे.

इथवर लिहून मी उठलो आणि वसंताला गावच्या फोनवर सांगितलं. तो म्हणाला, दादा, आप्पा असते तर काय म्हणाले असते? मी म्हणालो, "हूं" म्हणाले असते. तो हसला, मग रडायला लागला. मी फोन धरून थांबलो.

हे तुमच्या परवानगीसाठी लिहिलेलं नाही, आप्पा, सुरुवातीला तसं वाटलं असेल तरी. लिहायला बसलो तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. आता फक्त कळवतो आहे. न भांडता तुम्हाला काही कळवण्याची माझी ही बहुधा पहिलीच वेळ.

रविवारी वर्षश्राद्ध नीट करीन. मागच्या वेळी मी तुम्हाला अर्धं अडवून ठेवलं, ते चुकलं. या वेळी मनात वेगळं म्हणेन. इथलं तुमचं काही राहिलेलं नाही, तुम्ही सुखाने पुढे जा, असं.

आणि एक वचन देतो. गोळी कमी करताना पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत डॉक्टर सांगतील ते सगळं पाळीन, त्यात हलगर्जी नाही. एवढं करूनही ती गेली, तर तुमच्या फोटोसमोर उभा राहून माफी मागणार नाही. मी म्हणेन, माझी किडनी गेली. आणि राहिली, तर म्हणेन, माझी किडनी चालते आहे. दोन्ही वेळा "माझी" म्हणेन. आज म्हणून बघताना जीभ अडखळते, पण गुरुवारपर्यंत सवय करतो.

तुमचा,
गोविंद